भिंत मोजणारा एमआरआय

देवणीहून मोठ्या तपासणीसाठी लातूर गाठणाऱ्या माणसाला रिपोर्टमध्ये एकच आकडा हवा असतो: ब्लॉकेज किती टक्के? पण तो आकडा रक्त वाहण्याच्या वाटेबद्दल बोलतो, धमनीच्या भिंतीबद्दल नाही.

1987 मध्ये शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी मृतांच्या 136 हृदयांचा अभ्यास करून दाखवलं, की भिंतीत चरबीचा थर साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. थराने साधारण 40 टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट अरुंद होतच नाही. म्हणजे फक्त वाट दाखवणारी अँजिओग्राफी चांगली आली तरी आजार आत असू शकतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

भिंतच बघायची तर एमआरआय कामी येतो: त्यात वाहत्या रक्ताचा सिग्नल दाबता येतो. रक्त काळं दिसतं आणि भोवतीची भिंत उठून दिसते. तिचं क्षेत्रफळ काप-काप मोजता येतं. मानेच्या धमनीतल्या थरात झालेला ताजा रक्तस्राव विशिष्ट चित्रांत चमकतो, आणि पक्षाघाताचा धोका ओळखायला तीच खूण मोलाची ठरते. किरणोत्सर्ग नाही, म्हणून तपासणी पुन्हा करता येते. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 18 जणांना सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध देऊन अशाच मोजण्या केल्या. वर्षभरात भिंत बारीक झाली. वाट मात्र होती तेवढीच राहिली. अँजिओग्राफीत हा फायदा दिसलाच नसता.

मानेच्या धमन्या स्थिर आणि कातडीजवळ असतात, म्हणून तिथे हे जमतं. हृदयाच्या धमन्या बारीक, शिवाय ठोक्या-श्वासागणिक हलणाऱ्या. तिथे ते अजून अवघड आहे. नेहमीच्या तपासणीत मानेची डॉप्लर सोनोग्राफीच आधी होते.