जुन्या घरगुती संगणकाचे विंडोज ११ वर अपग्रेड

विंडोज १० वर चालणाऱ्या संगणकावर, त्यातील फायली व प्रोग्राम शक्यतो जसेच्या तसे ठेवून, मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ११ ही संचालन प्रणाली बसवण्याच्या प्रक्रियेला विंडोज ११ अपग्रेड असे म्हणतात. दरमहा येणाऱ्या अपडेटपेक्षा ही प्रक्रिया वेगळी आहे. अपडेटमुळे असलेल्या प्रणालीतील दोष दूर होतात. अपग्रेडमध्ये प्रणालीच बदलते. विंडोज १० साठीचे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यानंतरही हे संगणक पूर्वीसारखेच चालतात. मात्र नव्याने उघड होणाऱ्या सुरक्षा त्रुटी त्यांत बुजवल्या जात नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार किंवा प्राप्तिकर विवरणपत्राचे काम होते, त्याच्या बाबतीत ही जोखीम काळानुसार वाढत जाते.

पार्श्वभूमी

विंडोज ७ (२००९) पासून विंडोज १० (२०१५) पर्यंत किमान आवश्यकता जवळजवळ बदलल्या नव्हत्या. १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ३२-बिट आवृत्तीसाठी १ जीबी किंवा ६४-बिट आवृत्तीसाठी २ जीबी रॅम एवढ्यावर या प्रणाली बसत असत. त्यामुळे ‘संगणक चालतो आहे, म्हणजे पुढची विंडोजही चालेल’ असा समज वापरकर्त्यांत रूढ झाला होता. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ११ ने तो मोडीत काढला.

विंडोज ११ साठी किमान दोन गाभ्यांचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. हे आकडे फारसे कठीण नाहीत. खरी अडचण तीन अटींची आहे: टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा, यूईएफआय फर्मवेअरमधील सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या मान्यताप्राप्त यादीत असलेला प्रोसेसर. टीपीएम म्हणजे कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या मुख्य प्रणालीपासून वेगळ्या जपणारी चिप अथवा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली तशी सोय. सिक्युअर बूट संगणक सुरू होताना केवळ स्वाक्षरीकृत प्रणालीलाच चालू होऊ देतो.

प्रोसेसरांच्या यादीत इंटेलच्या बाजूने, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या बाजूने बहुतांश रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर आहेत. इंटेलचे आय५-७४०० आणि आय५-८४०० हे दोन्ही प्रोसेसर २०१७ मध्येच बाजारात आले. पहिला यादीबाहेर, दुसरा यादीत. सुरक्षा व स्थैर्य ही कारणे मायक्रोसॉफ्टने दिली. चाचणीच्या काळात अटी न पूर्ण करणाऱ्या संगणकांवर प्रणालीच्या गाभ्यातील बिघाड ५२ टक्के अधिक आढळले, असेही कंपनीने सांगितले. तथापि, विंडोजच्या मेमरी संरक्षणाला वेग देणारी यंत्रणा इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे. त्यामुळे सीमारेषा नेमकी तेथेच का आखली, हे केवळ तांत्रिक कारणांनी पुरते उलगडत नाही.

अपात्रतेचे दोन प्रकार

मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन संगणक पात्र आहे की नाही ते सांगते. ‘अपात्र’ असे उत्तर आले तरी ते अंतिम असतेच असे नाही. प्रोसेसर यादीत नसणे ही अपात्रता सेटिंग बदलून दूर होत नाही. टीपीएम किंवा सिक्युअर बूट सापडत नसणे ही अपात्रता मात्र अनेकदा केवळ बंद ठेवलेल्या सेटिंगमुळे उद्भवते. ही सोय इंटेलच्या संगणकांत पीटीटी आणि एएमडीच्या संगणकांत एफटीपीएम या नावाने फर्मवेअरच्या मेनूत आढळते. सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकांत ती बंद असण्याची शक्यता अधिक असते. हा फरक न कळल्यामुळे उत्तम स्थितीतील संगणक भंगारात जाऊ शकतो.

सिक्युअर बूट सुरू करताना विशेष सावधगिरी लागते. विंडोज जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली असल्यास डिस्कची विभागणी एमबीआर प्रकारची असते, तर यूईएफआयला जीपीटी प्रकारची विभागणी लागते. विभागणी न बदलता फर्मवेअर थेट यूईएफआयवर नेल्यास विंडोज सुरूच होत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून असलेले ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन माहिती न पुसता विभागणी बदलते. ते आधी वापरून मगच फर्मवेअरमधील सेटिंग बदलावी लागते. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच अन्यत्र लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. फर्मवेअरमधील बदलानंतर संगणक ती मागू शकतो आणि ती नसल्यास डिस्कवरील माहिती परत मिळत नाही.

प्रक्रिया

सक्रिय केलेल्या विंडोज १० वरून हे अपग्रेड विनामूल्य असते. आवृत्ती २००४ किंवा त्यानंतरची असावी लागते. विंडोज ७ वरून थेट अपग्रेड होत नाही, नव्यानेच स्थापना करावी लागते. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही. म्हणून ३२-बिट विंडोज १० असलेल्या संगणकावर, प्रोसेसर ६४-बिट असला तरी, नव्याने स्थापना हाच मार्ग उरतो, आणि ३२-बिट विंडोजवर चालणारे जुने १६-बिट प्रोग्राम तेथे चालत नाहीत.

अपग्रेडपूर्वी फायलींची प्रत बाह्य डिस्कवर घेणे हे सर्वांत महत्त्वाचे काम होय. जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि सामान्यतः दहा दिवसांपर्यंत माघारी जाता येते. मात्र जागा मोकळी करण्याच्या भरात हे फोल्डर पुसले गेल्यास तो मार्ग बंद होतो.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास जुन्या संगणकाच्या वेगात सहसा सर्वांत मोठा फरक पडतो. पात्रतेवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ बसते, पण ब्राउझर उघडल्यावर तेवढी रॅम अपुरी पडते. व्यवहारात ८ जीबी हाच तळ मानावा लागतो.

मराठी मजकूर व फॉन्ट

मराठी वापरकर्त्यांना नव्याने स्थापना केल्यानंतर एक वेगळी अडचण येते. विंडोज एक्सपीच्या काळापासून परिचित असलेला मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून ऐच्छिक देवनागरी फॉन्टसंचात गेला आहे. तो बसवलेला नसल्यास जुने युनिकोड दस्तऐवज निर्मला यूआय या फॉन्टमध्ये दिसतात. मजकूर शाबूत राहतो, पण ओळी व पाने सरकतात. सेटिंग्जमधील ऐच्छिक सुविधांतून हा संच विनामूल्य घेता येतो.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधील दस्तऐवजांची स्थिती अधिक नाजूक असते. त्यांत देवनागरी अक्षरांऐवजी रोमन अक्षरांची चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्ट नसल्यास पडद्यावर निरर्थक अक्षरमाळ दिसते. फॉन्ट वापरकर्त्याच्या दस्तऐवजांत नसून बहुधा विंडोजच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात. त्यामुळे केवळ ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत घेतल्यास ते मागेच राहतात.

अपात्र संगणकांसाठी पर्याय

अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याचे मार्ग प्रचलित आहेत. यादीबाहेरच्या प्रोसेसरसाठीची एक पद्धत प्रारंभी खुद्द मायक्रोसॉफ्टनेच प्रसिद्ध केली होती; ती माहिती पुढे काढून टाकण्यात आली. अशा संगणकांना अपडेट मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही. २०२४ मधील २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आज्ञा असावी लागते. त्यामुळे कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरांवर ही आवृत्ती सुरूच होत नाही.

विंडोज १० वरच राहणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विस्तारित सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. तिची किंमत ३० अमेरिकी डॉलर किंवा स्थानिक चलनात तत्सम रक्कम ठेवण्यात आली. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्यास ती विनामूल्यही मिळते. या योजनेतून नव्या सुविधा मिळत नाहीत, केवळ सुरक्षा अपडेट मिळतात.

दुसरा पर्याय लिनक्सचा आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांना टीपीएमची अट नाही आणि त्यांत देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो. पत्रलेखन, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस यांवर भागणाऱ्या घरात हा बदल सुकर ठरतो. विंडोजसाठीच बनवलेली लेखा सॉफ्टवेअर किंवा डिजिटल स्वाक्षरीची उपकरणे वापरणाऱ्यांना तो सहसा गैरसोयीचा पडतो. या प्रणाली यूएसबी पेनड्राइव्हवरून, डिस्कवर काहीही न बसवता चालवून पाहता येतात; प्रिंटर, वाय-फाय आणि आवाज नीट चालतो की नाही याची खात्री त्याच वेळी करून घेता येते.