अभ्यास कसा करावा, हे शिकवणारे मार्गदर्शन

खासगी शिकवणी वर्गात विषय शिकवला जातो, तर शैक्षणिक मार्गदर्शनात विद्यार्थ्याला स्वतःचा अभ्यास आखण्याची, तपासण्याची आणि गरजेनुसार बदलण्याची सवय लावली जाते. मानसशास्त्रात या क्षमतेला ‘स्वनियंत्रित अध्ययन’ म्हणतात. असा अभ्यास आखताना स्मरणावरील संशोधन उपयोगी पडते. पाठ केलेली माहिती सुरुवातीला वेगाने आणि पुढे मंद गतीने विसरली जाते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या 2006 मधील प्रयोगात उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारेच सरस ठरले.

या निष्कर्षांचा उपयोग उत्तरपत्रिकेपासून सुरू होतो. प्रत्येक गुण संकल्पना न समजल्यामुळे गेला, आकडेमोडीत गेला की वेळ अपुरा पडल्यामुळे गेला, हे मार्गदर्शक विद्यार्थ्याकडूनच वहीत नोंदवून घेतो. वर्गसमीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह चुकत असेल, तर संपूर्ण प्रकरण पुन्हा वाचण्याऐवजी त्या पायरीची चार-पाच उदाहरणे दोन दिवसांनी आणि नंतर आठवड्याने, वही मिटून, सोडवली जातात.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी 1976 मध्ये मार्गदर्शकाच्या अशा तात्पुरत्या मदतीला बांधकामावरील परांचीची उपमा दिली. कौशल्य अंगवळणी पडत जाईल तसतशी ही मदत कमी करणे आवश्यक असते. अन्यथा गुण वाढूनही विद्यार्थी परावलंबीच राहतो.