कांदा चोरून खाणारा शेठ आणि खोकणारा कोट्यधीश

भिलाईहून आज जरा सिनेमाच्या गप्पा.

‘धूमधडाका’ तुम्ही पाहिलेला असणारच. १९८५ चा, महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. मूळ कथा श्रीधर यांच्या १९६४ मधल्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटाची. धनाजीराव वाकडे, म्हणजे आपले शरद तळवलकर, यांना जावई हवा तो पैसेवाल्या घरचाच. म्हणून महेशचा मित्र अशोक सराफ त्याचा कोट्यधीश बाप होऊन येतो, यदुनाथ जवळकर! तोंडात पाइप, आणि पाइप ओढला की तो सुप्रसिद्ध खोकला.

आता विचार करा, धंद्यात मुरलेला हा माणूस चौकशी का करत नाही? कारण चौकशी करायची म्हणजे आपण लहान ठरलो! समोरचा आपल्यापेक्षा मोठा वाटला की धनाजीरावांची जीभच अडखळते. सगळा विनोद या भीतीवर उभा आहे. पाइप नीट ओढता येत नाही, हे दिसतं सगळ्यांना. पण बोलणार कोण?

याच भीतीवर हंगेरीत १९३१ साली ‘हिप्पोलिट’ नावाचा चित्रपट निघाला, दिग्दर्शक इश्त्वान सेकेई. बोलपट तिथे नुकताच आला होता. श्नायडर हा मालवाहतुकीच्या धंद्यात पैसा कमावलेला साधा माणूस. त्याची बायको एका काउंटकडे २७ वर्षं राबलेला बटलर घरी आणते. मग काय, जेवायला काळा सूट आणि कांदा बंद! स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने ठेवलेल्या नोकरासमोर शेठ चळाचळा कापतो.

फरक बघा. तिथे खानदानी उमराव होते, म्हणून नव्या पैशाला त्यांच्या नोकराचं सर्टिफिकेट लागलं. धनाजीरावांना खानदान नकोच, फक्त आपल्याहून जाडी तिजोरी हवी. मला स्वतःला हंगेरीचा शेठ जास्त जवळचा वाटतो. फौजेच्या मेसमध्ये नवे लेफ्टनंट सीनियर कोणता चमचा उचलतो ते तिरक्या डोळ्यांनी बघत बसायचे, सूप थंड होईपर्यंत. पण त्यांना निदान पोस्टिंग बदलण्याची आशा असायची.

श्नायडरला ती नाही. तो शेवटी बटलरला घालवतो आणि सगळ्यांदेखत कांदा खातो. ग्युला काबोश या नटाने ते असं केलंय की भाषा कळत नसली तरी पोट धरून हसाल. भाकरी जवळ ठेवूनच बघा.