चहा-पोळी आणि हिमोग्लोबिन

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांत पहाटेच चुली पेटतात. घरातली बाई सगळ्यांचे डबे बांधते आणि स्वतः चहात पोळी बुडवून खाऊन शेताची वाट धरते. दुपारी भाजी-भाकर झाली की लगेच चहा. थकवा आला, डोके दुखले, पाहुणा आला, तरी चहाच. दम लागतो, चक्कर येते म्हणून अशी बाई दवाखान्यात येते, तेव्हा रक्तात हिमोग्लोबिन कमी निघते.

चहाची ही सवय वाटते तितकी जुनी नाही. इंग्रज सरकारने १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार झाला. रेल्वे स्थानके, गिरण्या, बाजार येथे लोकांना चहाची गोडी लावण्यात आली.

फ्रान्समध्ये कॉफीचेही असेच झाले. १६६९ मध्ये तुर्की सुलतानाचा दूत सुलेमान आगा पॅरिसला आला. त्याने पाहुण्यांना कॉफी पाजली आणि श्रीमंतांत तिची टूम निघाली. १६७९ मध्ये मार्सेय शहरात डॉक्टरांच्या वतीने कॉफीविरुद्ध जाहीर इशारा देण्यात आला: ती शरीर सुकवते. लोकांनी ऐकले नाही. १६८६ मध्ये पॅरिसमध्ये प्रोकोप कॅफे सुरू झाला. आजही फ्रेंच माणूस सकाळी दूध-कॉफी घेतो आणि जेवण आटोपल्यावर लहान कपात काळी कॉफी.

त्या डॉक्टरांचे कारण चुकीचे होते. मात्र चहा-कॉफीचा एक खरा दोष नंतर उमगला. दोन्हींतले पॉलिफेनॉल अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते आतड्यात नीट शोषले जात नाही. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणासोबतच्या कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहाने ६४ टक्क्यांनी घटले. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र पडला.

मांसातल्या काही लोहावर चहा-कॉफीचा परिणाम कमी होतो. आपल्या ताटातले लोह बहुतेक ज्वारी, डाळी आणि पालेभाज्यांतले. ते मुळातच कमी शोषले जाते, त्यावर चहा पडला की आणखी घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. याला एकटा चहा जबाबदार नाही. अपुरे जेवण, पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातले जंत हीही कारणे असतात. पण चहाची वेळ बदलायला पैसा लागत नाही.

चहा सोडा, असे सांगून कोणी सोडत नाही. चहा आणि जेवण यांत अंतर ठेवणे मात्र जमते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे की जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी घेऊ नये. जेवणानंतर दीड-दोन तास थांबले तर अधिक बरे. सकाळी उठल्यावर चहा घ्यावा, पोळी तासाभराने भाजीसोबत खावी. भाजी-वरणावर लिंबू पिळावे, पेरू किंवा आवळा खावा. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. लहान मुलांना चहाची सवय लावूच नये.

गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. आशाताईंनी दिलेली गोळी अनेक जणी चहाच्या घोटाबरोबर घेतात. ती पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून दूर ठेवावी. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून ती बंद करू नये.

सतत थकवा, धाप, फिकट पडलेल्या पापण्या अशी लक्षणे असतील, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. वेचणीचा हंगाम संपेपर्यंत थांबू नये.