नॉलेज सिटी, व्हाया भोसरी

शनिवारची सकाळ. बाणेरमधला कॅफे. आजूबाजूला सात लॅपटॉप, आणि त्यातल्या निदान चारांवर प्रेझेंटेशन उघडलेलं. माझ्यासमोर बसलेला माझा शाळेतला मित्र मात्र लॅपटॉप मिटून टेबलावरच्या एका प्लास्टिकच्या डबीकडे बघत बसलेला. चेहरा असा, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने दोनदा वळून पाहिलं.

‘‘बघ ना यार, झाकण बसतच नाही!’’

ही डबी म्हणजे त्याच्या स्टार्टअपचं पहिलं बाळ. हातात मावणारं, पाणी तपासणारं यंत्र. सर्किट रेडी, सॉफ्टवेअर रेडी, ॲप तर एकदम कूल. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली डबी मस्त बसत होती. पण हजार पीस काढायचे म्हणून खिशाला परवडत नसताना स्टीलचा मोल्ड करून घेतला आणि पहिल्याच लॉटमध्ये झाकणाला बाक आला. दीड महिना गेला. आणि पैसे घालणाऱ्या लोकांना डेमो द्यायचाय पुढच्या महिन्यात.

‘‘बाबांना दाखवूया का? ते टूलरूमला होते,’’ मी म्हटलं.

तो जरा घुटमळला. ‘‘काका... कॅड वगैरे वापरतात?’’

मला राग आला, हे कबूल करते. पण राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. कारण पुण्याची जी गोष्ट आपण सगळे सांगतो, तीच तो सांगत होता. कुठली? आधी पेन्शनरांचं पुणं होतं, मग पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, मग हिंजवडी आली आणि शहर एकदम ‘नॉलेज सिटी’ झालं! जणू 2000 सालापर्यंत इथे लोक नुसतीच वामकुक्षी घेत होते आणि कारखान्यात नुसतेच हात चालत होते, डोकी नाही.

आता जरा तारखा बघा. सीओईपीची मुळं 1854 च्या पूना इंजिनिअरिंग क्लासपर्यंत जातात. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, 1950 सालची. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 ची. सायरस पूनावालांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली, ती घोड्यांच्या फार्मच्या जोरावर. त्यांच्या फार्मवरचे घोडे मुंबईच्या हाफकिनमध्ये सीरम बनवायला जायचे. मग ते इथेच का बनवू नये, असा तो साधा हिशोब! 12 जानेवारी 2021 ला लशीचे पहिले खोके घेऊन ट्रक पुण्यातून निघाले, त्या दिवसामागे 55 वर्षांची तयारी होती.

सॉफ्टवेअरचंही तेच. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला म्हणून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या टीमने 1991 मध्ये ‘परम 8000’ करून दाखवला. पर्सिस्टंट 1990 ची. तेव्हा हिंजवडी म्हणजे भात आणि उसाची शेतं होती, बॉस!

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इंडिकाची. टाटांनी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला प्लांट विकत घेतला, सुटा केला, जहाजात भरला आणि पुण्यात आणून पुन्हा जोडला. त्यातून 1998 च्या डिसेंबरमध्ये इंडिका आली. नुसते नटबोल्ट जोडून ते होतं का? दुसऱ्याने दुसऱ्यासाठी मांडलेली मशिनरी आपल्या गाडीसाठी चालवायची, तर ती समजणारी माणसं शेकड्याने लागतात. ती इथे होती. आज गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या पुण्यात आहेत, त्या इथल्या हवामानासाठी आल्या असं कोणी म्हणालं तर हसा. गाड्या इथे बनत होत्या, गाडी कशी चालते हे जाणणारी माणसं इथे होती, म्हणून आल्या.

हे सगळं मला पत्रकारितेचा कोर्स करताना कोणी सांगितलं नाही. घरातही नाही. घरात वेगळंच होतं.

मी चौथीत असताना बाबांच्या कंपनीत व्हीआरएस आली. (कंपनीचं नाव राहू दे.) ते वर्ष 2007. त्याच वर्षी बजाजनेही आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं होतं. बाबांची कंपनी वेगळी, पण यमुनानगरच्या आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात तोच विषय. बाबांनी चेक आणला, आईने देवापुढे ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी बाबा सवयीने साडेपाचला उठून डबा शोधत बसले. मला आठवतं, कारण मला हसू आलं होतं आणि आईने मला चिमटा काढला होता.

नंतर बाबा भोसरीत एका जुन्या सहकाऱ्याच्या गाळ्यात जायला लागले. आणि मी? कॉलेजात कोणी विचारलं ‘वडील काय करतात’, तर ‘मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहेत’ असं म्हणायचे. फॉर्मल वाटायचं. बाबा फिटर म्हणून लागले आणि टूलमेकर झाले, हे कधी सांगितलं नाही. नॉलेज सिटीत मॅनेजर लागतो, कानस मारणारा बाप कुठे बसवणार?

तर त्या शनिवारी दुपारी आम्ही भोसरीला गेलो. एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा, दोन मिलिंग मशिनं, एक वायरकट, कूलंटचा तो वास. मित्राचे पांढरे शूज बघून गाळ्यातला पोरगा हसला. बाबांनी झाकण हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. फक्त नख. मोजायला व्हर्नियर नंतर काढला.

‘‘इकडची भिंत जाड का ठेवली?’’

‘‘काका, तिथे बॅटरी बसते. मजबूत पाहिजे म्हणून...’’

‘‘मजबूत करायला जाड कशाला? जाड भाग उशिरा गार होतो. गार होताना आकसतो आणि पातळ बाजूला ओढतो. म्हणून वाकलंय. भिंत सारखी कर आणि आतून दोन रिबा दे.’’

‘‘म्हणजे नवीन मोल्ड?’’ मित्राचा आवाज अगदी बारीक झाला.

बाबांनी मोल्डचे फोटो मोबाइलवर मोठे करून पाहिले. प्लास्टिक जाड करायचं असतं तर मोल्डमधलं स्टील तासायचं, सोपं काम. पातळ करायचं तर स्टील घालावं लागतं, तिथे माणूस अडकतो. बाबा म्हणाले, कोअरचा तेवढाच तुकडा काढू आणि इन्सर्ट बसवू. रिबांच्या खाचा इन्सर्टमध्येच पाडू. अख्खा मोल्ड टाकायची गरज नाही.

पाच मिनिटं. चहा यायच्या आत.

पण थांबा, हा ‘जुनं ते सोनं’वाला लेख नाहीये. रविवारी मित्राच्या टीममधल्या मुलीने तेच बदल कॉम्प्युटरवर घालून सिम्युलेशन चालवलं. बाक कुठे येतो आणि किती कमी होतो, सगळं लाल-निळ्या रंगांत दिसलं. बाबांनी सांगितलेल्या दोन रिबांपैकी एक तिने थोडी सरकवली आणि बाक आणखी कमी झाला. मी बाबांना तो स्क्रीन दाखवला. वाटलं, रुसतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे आम्हाला तेव्हा असतं, तर माझे तीन मोल्ड भंगारात गेले नसते.’’ मग विचारलं, हे शिकायला किती दिवस लागतात? वय वर्षं 66.

मी या लेखासाठी फिरले, लोकांशी बोलले, ‘इनोव्हेशन’ हा शब्द इतक्यांदा ऐकला की आता तो चहाच्या टपरीचं नाव वाटतो. एनसीएलच्या आवारात 2007 पासून व्हेंचर सेंटर आहे, तिथे प्रयोगशाळेतली कल्पना कंपनी होईपर्यंत आधार मिळतो. संशोधन संस्था, उद्योग आणि सरकार यांना एका टेबलावर आणायला पुणे नॉलेज क्लस्टर आहे. दोन्ही चांगलीच गोष्ट. पण पाषाण ते भोसरी हे अंतर अजून कोणाच्या नकाशात नीटसं दिसत नाही. पाषाणमधल्या पोराला कळत नाही की त्याचा प्रॉब्लेम सोडवणारा माणूस वीसेक किलोमीटरवर बसलाय. भोसरीतल्या माणसाला कळत नाही की त्याला जे येतं त्याला ज्ञान म्हणतात आणि त्याचे पैसे मागता येतात. बाबांच्या गाळ्यातले निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या नखात जे आहे, ते कुठल्याच सर्व्हरवर सेव्ह केलेलं नाही.

जमतं तेव्हा काय होतं, ते आपल्याच शहरात मगरपट्ट्याने दाखवलंय. हडपसरच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली, आणि ती विकून मोकळं होण्याऐवजी कंपनी काढून स्वतः भागधारक झाले. आयटीवाले तिथे भाडं भरतात. मला विचाराल तर पुण्यातलं मोठं इनोव्हेशन हे, आणि ते कोडमध्ये लिहिलेलं नाही. आकुर्डीचंही बघा. ज्या आकुर्डीत 2007 मध्ये स्कूटरवाल्यांची शिफ्ट संपली, तिथेच 2022 च्या जूनमध्ये इलेक्ट्रिक चेतकचा प्लांट सुरू झाला. नाव जुनं, जागा जुनी. मधल्या 15 वर्षांत घरी गेलेली माणसं मात्र त्यात धरलेली नाहीत.

असो. इन्सर्ट बसला, झाकण बसलं, डेमो झाला. मित्र पेढे घेऊन आमच्या घरी आला आणि वर ‘‘काका, बिल द्या,’’ म्हणाला. बाबांनी आधी हात झटकले. ‘‘पोरा, नखाचं काय बिल?’’ मग आईने स्वयंपाकघरातून जे काही म्हटलं ते इथे छापता येणार नाही, पण बाबांनी गाळ्याचं बिलबुक काढलं.

तपशिलाच्या रकान्यात त्यांनी नेहमीसारखं लिहिलं: ‘मजुरी’.

‘‘काका, मजुरी तर इन्सर्टची झाली, ती गाळ्याला दिली. हे तुमचं वेगळं,’’ मित्र म्हणाला. ‘‘कन्सल्टन्सी लिहा.’’

बाबांनी पान फाडलं. नवीन पानावर कार्बन सरळ केला, पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘स्पेलिंग सांग गं.’’