तांदळात ठेवलेला लॅपटॉप गंजत राहतो

लॅपटॉपवर चहा सांडला आणि तो चालू होईना, की घरात, ऑफिसात, व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला सल्ला ठरलेला असतो: "दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेव." सांगणारे आपुलकीने सांगतात, म्हणूनच हा सल्ला खोडून काढणं जड जातं. पण तो नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. लॅपटॉप वाचवण्याचे जे पहिले काही तास हातात असतात, ते त्या डब्यात वाया जातात.

आधी तांदळाचंच पाहू. साठवणीच्या कोरड्या तांदळातही साधारण १२ ते १४ टक्के ओलावा असतो. तो आजूबाजूच्या हवेशी जुळलेला असतो आणि पावसाळ्यात आणखी वाढतो. इडलीचे तांदूळ पाण्यात बुडवूनसुद्धा चार-पाच तास भिजवावे लागतात. मग ज्या दाण्यांना पाणी टेकलेलंही नाही, ते की-बोर्डखाली, पत्र्याआड, चिपच्या पोटाखाली शिरलेला चहा ओढून कसा घेणार? शिवाय बंद डब्यात हवाच खेळत नाही. ॲपलने आयफोनच्या बाबतीत स्पष्ट सूचना दिली आहे की ओला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. लॅपटॉपला तर पंख्याची जाळी आहे, पोर्ट आहेत, फटी कितीतरी जास्त आहेत.

पण समजा, तांदळाने सगळं पाणी शोषलं. तरीही लॅपटॉप वाचत नाही. चहात साखर असते, दूध असतं, पाण्यातले क्षार असतात. पाणी उडून जातं, बाकी सगळं बोर्डावर राहतं. त्यात लॅपटॉप 'बंद' केला तरी बॅटरी जोडलेलीच असते. पॉवरचं बटण दाबल्याचं कळावं म्हणून मदरबोर्डच्या काही भागात वीज कायम खेळत असते. वीज आणि क्षारांची ओल एकत्र आली की धातू एका ठिकाणी विरघळतो आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन साचतो. चिपच्या दोन पायांमधलं अंतर बऱ्याचदा अर्धा मिलिमीटरच असतं. तेवढं सांधून शॉर्ट व्हायला फार वेळ लागत नाही.

असा बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर भिंगाखाली ठेवला की सगळं दिसतं. चिपच्या कडेला हिरवट-पांढरी पुटं चढलेली असतात. रव्याच्या कणाएवढ्या रेझिस्टरचं एक टोक खाल्लेलं असतं. सोल्डरची चमक जाऊन ते काळवंडलेलं असतं. बोट लावलं तर बोर्ड पूर्ण कोरडा लागतो, आणि तरीही मेलेला असतो.

"आमचा तर तांदळात ठेवून चालू झाला!" असं सांगणारे भेटतातच. त्यांचं खोटं नसतं, पण श्रेय चुकीच्या ठिकाणी जातं. बहुतेक वेळा पाणी मदरबोर्डपर्यंत पोचलेलंच नसतं. तो लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवला असता तरी चालू झाला असता. आणि जो दोन दिवसांनी चालू झाला, तोच दोन महिन्यांनी अचानक बंद पडला, तर त्याचा त्या सांडलेल्या चहाशी संबंध कुणी जोडत नाही.

मग करायचं काय? चार्जर काढा, तो किंवा हात ओले असतील तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. लॅपटॉप उघडाच उलटा करून तंबूसारखा उभा ठेवा, म्हणजे पाणी मदरबोर्डकडे न जाता बाहेर येईल. मागचं झाकण उघडता येत असेल तर बॅटरीचा कनेक्टर काढा. येत नसेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. तिथे बोर्ड बाहेर काढून धुतात. होय, धुतात. साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, म्हणून चहा किंवा सरबत असेल तर आधी क्षारविरहित पाणी आणि मऊ ब्रश, मग अल्कोहोल, मग पूर्ण सुकवणं. या सगळ्याच्या आधी "एकदा चालू करून बघू" हा मोह टाळा. ओल्या बोर्डात वीज सोडणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गैरसमज: हेअर ड्रायर मारला की लवकर सुकतं.
वस्तुस्थिती: गरम झोत पाणी आणखी आत ढकलतो, कळांचं प्लास्टिक वाकवतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही.

गैरसमज: साधं पाणीच होतं, काही होत नाही.
वस्तुस्थिती: नळाच्या पाण्यात क्षार असतातच, बोअरच्या पाण्यात बहुधा अधिक.

गैरसमज: चालू होत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला.
वस्तुस्थिती: अनेक मॉडेलमध्ये पॉवरचं बटण की-बोर्डवरच असतं. की-बोर्ड शॉर्ट झाला तरी लॅपटॉप हलत नाही. बोर्डावरचा एखादा कपॅसिटर शॉर्ट असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात 'चिप लेव्हल' काम करणारे तो शोधून बदलतात. नवा बोर्ड घेण्याआधी हे तपासून घ्या.

गैरसमज: वॉरंटीत आहे, फुकट होईल.
वस्तुस्थिती: नेहमीच्या वॉरंटीत सांडलेलं पाणी बसत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं.

गैरसमज: लॅपटॉप गेला म्हणजे फाइल्सही गेल्या.
वस्तुस्थिती: एसएसडी सुटी असेल तर काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते, विंडोजचं एन्क्रिप्शन चालू असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी हवी. अलीकडच्या मॅकबुकमध्ये मात्र साठवण बोर्डावरच असते, म्हणून तिथे बोर्ड जिवंत करणं किंवा आधीचा बॅकअप एवढेच मार्ग उरतात.

आणि दुकानात गेल्यावर खरं सांगा. "आपोआप बंद पडला" म्हणून काही साध्य होत नाही. पाणी लागलं की पांढऱ्याचे लाल होणारे स्टिकर अनेक लॅपटॉपच्या आत लावलेले असतात, झाकण उघडताच सगळं कळतं. काय सांडलं, किती वाजता, त्यानंतर किती वेळा चालू करून पाहिलं, एवढं सांगितलंत तर बोर्ड कशाने धुवायचा आणि शॉर्ट कुठे शोधायचा हे कारागिराला आधीच ठरवता येतं. लॅपटॉप वाचण्याची शक्यता त्यानेच वाढते. तांदूळ जेवायला ठेवा.