म्हैस पान्हा का चोरते?

रेडकू दगावले की म्हैस आटते, दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या जातात. पण खरे कारण तिच्या मेंदूत दडलेले असते.

पहाटेची वेळ. गोठा झाशीजवळच्या बिजौलीतला असो की साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यातला, दृश्य तेच असते. म्हशीपुढे आंबोण ठेवलेले, बाजूला रेडकू दाव्याला हिसके देत असलेले. त्याला सोडले की ते धावत जाऊन कासेला ढुशा देते आणि मिनिटा-दोन मिनिटांत सड टरारून येतात.

पण रेडकू दगावले तर? त्याच म्हशीखाली तीच चरवी घेऊन बसले तरी धार लागत नाही. घरातले चिडतात, 'पान्हा चोरतेय!' शेजारीण म्हणते, 'कुणाची तरी दृष्ट लागली.' वास्तविक म्हैस चोरीही करत नाही आणि तिला दृष्टही लागलेली नसते. पान्हा सोडणे तिच्या इच्छेवर नसून एका हार्मोनवर अवलंबून असते.

मेंदूतून कासेपर्यंत

या हार्मोनचे नाव ऑक्सिटोसिन. ते मेंदूत तयार होते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून रक्तात उतरते. रेडकाचा स्पर्श, त्याचा वास, त्याचे हंबरणे हा त्यासाठीचा इशारा. रक्तातून कासेत पोहोचलेले ऑक्सिटोसिन दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळते आणि दूध सडांकडे ढकलले जाते. गाईच्या कासेत थोडे दूध आधीच खाली उतरलेले असते. म्हशीच्या कासेत मात्र जवळजवळ सगळे दूध वरच अडलेले असते. म्हणूनच पान्हा फुटला नाही, तर म्हैस चरवी कोरडीच ठेवते.

भीती या साखळीत खीळ घालते. १९४१ साली अमेरिकेतील एली आणि पीटरसन या शास्त्रज्ञांनी धारेच्या वेळी गाईंजवळ कागदी पिशव्या फोडल्या. गाई दचकल्या आणि दूध अडले. घाबरल्यावर शरीरात अॅड्रिनॅलिन वाढते आणि ते पान्हा रोखते. म्हशीला दंडुका मारून धार काढू पाहणारा माणूस स्वतःच आपले दूध घालवत असतो.

मायेचे रसायन

ऑक्सिटोसिनचे काम दुधापुरते नाही. मेंढी विते तेव्हा तिच्या मेंदूत हेच हार्मोन स्रवते आणि पुढच्या काही तासांतच ती आपल्या कोकराचा वास पक्का ओळखू लागते. मग दुसऱ्याचे कोकरू जवळ आले की ती त्याला ढुशी मारून हाकलते. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, असे जपानी शास्त्रज्ञांना २०१५ मध्ये आढळले.

म्हणून माया म्हणजे नुसते रसायन, असे मात्र नव्हे. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील प्रेअरी व्होल हे उंदरासारखे प्राणी जन्मभर जोडीने राहतात. त्याचे श्रेय अनेक वर्षे ऑक्सिटोसिनला दिले जाई. पण २०२३ मध्ये, हे हार्मोन ओळखण्याची क्षमता काढून टाकलेल्या व्होलनीही जोड्या जमवल्या. हार्मोन दार उघडते, पण ते एकमेव दार नसते.

इंजेक्शनचा सोपा मार्ग

ऑक्सिटोसिन १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवणारे हे औषध असंख्य मातांना वाचवते. पण तेच औषध गोठ्यात पोहोचले. सुई टोचली की पान्हा फुटतो, रेडकाची गरजच उरत नाही. मग त्याच्याकडे लक्ष कोण देणार? शिवाय रोज सुई घेणारे जनावर हळूहळू सुईशिवाय पान्हवेनासे होते.

दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या औषधाच्या खासगी उत्पादनावर बंदीही घातली होती. पण मातांना औषध मिळेनासे होईल, या चिंतेचा मुद्दा पुढे आला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

मग काय करावे?

झाशीच्या भारतीय चारागाह व चारा संशोधन संस्थेत भदावरी म्हशींचे जतन केले जाते. ही म्हैस दूध कमी देते, पण त्यात स्निग्धांश सुमारे ८ टक्के असतो. अशा म्हशीवर ज्याचे घर चालते, त्याला एक पान्हा चुकणेही परवडत नाही.

उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. मेंदू नव्या खुणाही शिकतो. रोज ठरलेली वेळ, तोच माणूस, तीच हाक, धारेच्या वेळीच पुढे येणारे आंबोण आणि कोमट पाण्याने कास धुऊन केलेले हलके चोळणे. काही दिवसांत चरवीचा आवाज ऐकताच म्हैस पान्हवू लागते. पान्हा फुटला की धार लगोलग आटपावी, कारण रक्तातले ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरते.

रेडकू गमावलेल्या म्हशीला मिरच्यांची नव्हे, ओळखीच्या हाताची गरज असते. तो हात मिळाला की ती पुन्हा दूध देते.